रोझलीन बाई मंडळाच्या सभासद झाल्या

चौकशीचं पत्र रोझलीन तुस्कानो यांच्या हातात पडलं तेव्हा त्या नववीच्या वह्या तपासत होत्या. शिपायाने पाकीट पुढे केलं, पोचवहीवर सही घेतली आणि मान वर न करता निघून गेला. एरवी तो दोन मिनिटं थांबायचा, सांडोरला या वर्षी केळी कशी आहेत ते विचारायचा. आज थांबला नाही, तेव्हाच बाईंना कळलं की पाकिटात काय आहे ते शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे.

पत्र दोन पानी होतं. कर्तव्यात हयगय केल्याचा आरोप, चौकशी समिती नेमल्याची सूचना आणि शेवटी एक कलम. समितीत तिघे असतात. एक संस्थेचा माणूस, एक राज्य पुरस्कार मिळालेला शिक्षक आणि एक कर्मचाऱ्याने स्वतः सुचवलेला. हा तिसरा माणूस कोणत्याही खाजगी शाळेत नोकरीत असलेला हवा. त्याचं नाव आणि त्याची लेखी संमती पंधरा दिवसांत कळवावी, न कळवल्यास उरलेले दोघे चौकशी पुरी करतील.

बाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि राहिलेल्या अकरा वह्या तपासल्या. घाईने नाही, रोजच्यासारख्याच.

गोखिवऱ्याच्या त्या मराठी शाळेत त्यांची सव्वीस वर्षं झाली होती. मराठी आणि भूगोल. सांडोरहून सकाळी स्कूटीने वसई गाठायची, पुलावरून पूर्वेला उतरायचं, कारखान्यांच्या गल्ल्यांतून शाळेत शिरायचं. सव्वीस वर्षांत त्या उशिरा आल्या असतील तर तीन-चारदा. कुठलीही माहिती भरायची असली, कोणाचा तास रिकामा पडला, कोणाला जनगणनेला, कोणाला निवडणुकीला जायचं असलं की हेडसर स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणत, "रोझलीन बाई बघतील." आणि बाई बघत. दरवर्षी जूनमध्ये कोणीतरी अध्यापक मंडळाचे, म्हणजे शिक्षकांच्या संघटनेचे, अर्ज घेऊन येई. बाकीचे भरत, काही टाळत. बाई हसून म्हणत, "आपल्याला कशाला ते? आपण बरं, आपलं काम बरं." हेडसरांना हे वाक्य फार आवडे. नव्या शिक्षकांसमोर ते बाईंचं नाव घेऊन ते सांगत.

झालं होतं ते असं. संकेत सर मतदार यादीच्या कामाला गेलेले. त्यांचा आठवी ब मोकळा. हेडसर जिन्यात भेटले आणि चालता चालता म्हणाले, "तुमचा अ वर्ग समोरच आहे ना? दोन्हीकडे लक्ष ठेवा." बाईंनी ब वर्गाला फळ्यावर प्रश्न लिहून दिले आणि दर दहा मिनिटांनी व्हरांडा ओलांडून फेरी मारली. तिसऱ्या फेरीला एक बाक रिकामा होता. मुली म्हणाल्या, पाणी प्यायला गेली. चौथ्या फेरीलाही बाक रिकामाच.

ती मुलगी फाटकातून सरळ बाहेर पडली होती. घरी भांडण झालं होतं, तिला नायगावच्या मावशीकडे जायचं होतं. संध्याकाळी पाचला मावशीचाच फोन आला, पोरगी सुखरूप आहे म्हणून. पण त्या चार तासांत शाळेच्या पायऱ्यांवर शंभर माणसं जमली होती, मोबाईल वर धरून. बाई त्या गर्दीत मुलीच्या आईच्या शेजारी बसून राहिल्या. आईने त्यांचा हात धरला होता आणि तीच आई मधूनच ओरडत होती, "ह्यांच्याच वर्गातून गेली!" ते दृश्य सगळ्यांच्या फोनवर फिरलं. पुढच्या आठवड्यात संस्थेची बैठक झाली. कोणाचं तरी नाव घ्यायचं होतं, ते घेतलं गेलं.

बाई हेडसरांकडे गेल्या होत्या. "सर, तुम्हीच सांगितलं होतं, दोन्ही वर्ग बघा म्हणून."

हेडसर कागद चाळत म्हणाले, "तसं काही लेखी आहे का, बाई?"

लेखी काहीच नव्हतं. सव्वीस वर्षांत बाईंनी कधी काही लेखी मागितलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला, केल्विनला, पत्र दाखवलं. तो वसईच्या एका पतपेढीत होता, कागदपत्रं नीट वाचायची त्याला सवय होती. त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुजा कोन आहे तिसरा?"

बाईंनी जुनी डायरी काढली आणि नावं लिहायला बसल्या. आधी शाळेतली. एकेक लिहायचं आणि एकेक खोडायचं. याला बढती हवी आहे. हिची मुलगी याच संस्थेच्या कॉलेजात आहे. सुरुची, तीन वर्षांच्या शिक्षणसेवक पदावर असलेली, अजून कायम न झालेली कोवळी पोर, तिला तर विचारायचंही नाही. शाळेतली नावं संपली तेव्हा त्यांनी नवं पान घेतलं, बाहेरच्या शाळांतल्या ओळखीच्या शिक्षकांसाठी. त्या पानावर एकही नाव आलं नाही. वसई-विरारमध्ये इतक्या शाळा, हजारांनी शिक्षक, आणि हक्काने फोन करावा असं त्यांना कोणी आठवेना. पेपर तपासणीला ज्यांच्या शेजारी बसल्या त्यांची आडनावंही धड लक्षात नव्हती. बाई बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघत बसल्या. वाईट वाटायलासुद्धा अंगात जोर लागतो, तोही त्या दिवशी नव्हता.

सहा दिवस असेच गेले. दोघांना विचारून झालं. एक म्हणाले, तब्येत बरी नसते. दुसरी म्हणाली, घरी विचारून सांगते.

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि बाईंना लॉरेन्स सर आठवले. खरं तर आठवायला ते विसरलेलेच नव्हते. दर रविवारी मिस्साला ते चर्चमध्ये दोन रांगा पुढे बसत. चौदा वर्षांपूर्वी ते याच शाळेत कवायतीचे शिक्षक होते. नसलेली मुलं पटावर दाखवायला त्यांनी नकार दिला आणि संस्थेने त्यांच्यावर आज्ञाभंगाची चौकशी लावली. तेव्हा ते बाईंकडे आले होते. "तुमचं नाव देऊ का? तुम्हाला सगळे मानतात." बाई म्हणाल्या होत्या, "घरी विचारून सांगते." त्यांनी घरी विचारलंच नाही आणि सांगितलंही नाही. दहा दिवस लॉरेन्स सर स्टाफरूममध्ये त्यांच्याकडे बघत आणि त्या वह्यांमध्ये डोकं घालून बसत. चौकशी दोघांनीच केली. निकाल लागायच्या आधी सरांनी राजीनामा दिला आणि वडिलांची वाडी कसायला घेतली. त्यानंतर चर्चबाहेर भेटले की ते विचारत, "काय बाई, बरं ना?" आणि बाई म्हणत, "बरं." चौदा वर्षांत याच्यापुढे एक शब्द गेला नव्हता.

सातव्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई घरी न जाता सरांच्या वाडीवर गेल्या. सर केळीच्या घडाला बांबूचा टेकू देत होते. त्यांची बायको मार्था पाटाच्या कडेला पालेभाजीच्या जुड्या बांधत होती.

"या, बाई," सर म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "पत्र मिळालं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गावात काय लपतं?"

मार्थाने तांब्या आणून दिला. "पानी घ्या," एवढंच म्हणाली आणि परत जुड्यांकडे गेली.

बाई पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "सर, एक नाव हवं होतं."

"माझं चालायचं नाही. नोकरीतला माणूस लागतो." कलम त्यांना अजून पाठ होतं. "पंधरातले किती गेले?"

"सात."

सरांनी दोरीची गाठ मारली, ओढून बघितली. बाई उभ्याच होत्या. चौदा वर्षं राहिलेलं आता बोलून टाकावं असं त्यांना वाटलं. "सर, तेव्हा मी तुम्हाला..."

"राहू द्या, बाई."

"नाही, मला सांगायचंय."

"तुम्हाला सांगायचंय, पण मला ऐकायचं नाहीये." सरांचा आवाज चढला नाही. "ऐकलं तर तुम्हाला हलकं वाटेल. मला मात्र ते दहा दिवस परत मोजावे लागतील. माझ्यात आता तेवढी ताकद नाही. वाडीचं काम आहे."

बाईंनी मान खाली घातली. टेकू लावून झाल्यावर सर हात पुसत जवळ आले आणि म्हणाले, "बोळिंजला विनया राऊळ म्हणून बाई आहेत. अध्यापक मंडळाच्या चिटणीस. दुसऱ्या शनिवारी दुपारी त्यांच्या शाळेत सभा असते. मला त्यांचं नाव उशिरा कळलं. तुम्हाला वेळेत कळतंय. जा."

दुसरा शनिवार परवावर आला होता. बाई स्कूटीवरून गासच्या रस्त्याने बोळिंजला गेल्या. नव्या इमारतींच्या रांगांत ती शाळा सापडायला वेळ लागला. दुसऱ्या मजल्यावर एका वर्गात पंधरा-सोळा शिक्षक बाकांवर बसले होते, मुलांच्या बाकांवर बसल्यामुळे सगळ्यांचे गुडघे वर आलेले. फळ्यावर कोणीतरी नकाशा काढला होता आणि दहावीच्या मुलांना समान उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा कशा समजावायच्या यावर चर्चा चालली होती. बाईंना वाटलं होतं घोषणा असतील, मोर्चाचं ठरत असेल. इथे एक प्रौढ गृहस्थ अर्धा बटाटा आडवा कापून त्याचे थर दाखवत होते. बाई मागच्या बाकावर बसल्या. बटाट्याची युक्ती चांगली होती. सव्वीस वर्षं त्यांनी समोच्च रेषा फळ्यावरच शिकवल्या होत्या.

सभा संपल्यावर त्या विनयाताईंना भेटल्या. विनया राऊळ पंचेचाळिशीच्या, केस अर्धे पांढरे, डोळ्यांखाली काळं. त्यांनी पत्र उभ्याउभ्याच वाचलं.

"सभासद आहात?"

"नाही."

"पूर्वी कधी होतात?"

"कधीच नाही."

विनयाताईंनी मोठा श्वास सोडला. "मॅडम, आमचा नियम आहे. सहा महिने तरी सभासद असलेल्यांचीच प्रकरणं घेतो. नाहीतर माणसं पत्र मिळाल्यावरच येतात. अडचण संपली की दिसत नाहीत. या वर्षी अशा तिघांसाठी धावले मी. तिघांपैकी एकाचाही नंतर फोन नाही."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. खरंच बरोबर होतं. त्यांनी पत्र परत घ्यायला हात पुढे केला.

विनयाताईंनी पत्र दिलं नाही. खिडकीकडे बघत विचारलं, "तुम्हाला माझं नाव कोणी सांगितलं?"

"लॉरेन्स सरांनी. आमच्याच शाळेत होते. तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, त्यांच्या बाजूने बसाल का म्हणून. मी बसले नाही." हे सांगायची गरज नव्हती. पण इतक्या दिवसांत ते कोणाला तरी सांगायचंच होतं.

विनयाताईंनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. वर्गातले लोक बाक सरळ करत होते. "मंडळ तुमच्यासाठी येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "नियम मोडला तर उद्या मला तोंड नाही. पण समितीवर माणूस बसतो, मंडळ नाही. माझी संमती मी माझ्या नावावर देते. आणि अर्ज आजच भरा. उपकार म्हणून नाही, सांगून ठेवते. पुढच्या माणसाला मला एकटीने पुरं पडता येत नाही म्हणून."

बाईंनी मुलांच्या त्या बाकावर बसून अर्ज भरला. सेवेच्या वर्षांपुढे त्यांनी सव्वीस लिहिलं आणि 'यापूर्वी सभासद होता काय' या रकान्याशी क्षणभर पेन थांबलं.

पुढच्या आठवड्यात विनयाताई गोखिवऱ्याला आल्या. त्या समितीवर बसणार होत्या, त्यामुळे बाजू मांडायचं काम बाईंचंच होतं. "मी पढवणार नाही तुम्हाला, तो माझा अधिकार नाही," त्यांनी आधीच सांगितलं. "एवढंच सांगते, साक्षीदार असेल तर त्याचं नाव लेखी द्या. कागद हवा असेल तर तो लेखी मागा. तोंडी काही नको."

साक्षीदार एकच होती. हेडसर जिन्यात बोलले तेव्हा सुरुची मागून खडू घेऊन येत होती. तिने ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती बाईंच्या समोर आली की तिचे डोळे भरून येत. तिची तीन वर्षं पुरी व्हायला पाच महिने बाकी होते. एकदा पाणपोईपाशी ती बाईंना गाठून म्हणाली, "मॅडम, मी सांगू का? तुम्ही म्हणालात तर सांगते."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. हिला हो म्हटलं असतं तर ती आली असती, हे स्पष्ट दिसत होतं. आणि मग पाच महिन्यांनी काय झालं असतं तेही.

"नको," बाई म्हणाल्या. "तू आधी कायम हो."

संध्याकाळी केल्विन चिडला. "तूच एकटी हाय का साऱ्यांची काळजी करायला?" सुरुचीला नको म्हणण्यात मोठेपणा होता असं बाईंना वाटलं नाही. कोणाला त्या जागी उभं करायचं नव्हतं, एवढंच.

साक्षीदार नाही, तेव्हा कागद. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा हेडसरांच्या नावे अर्ज लिहिला. त्या दिवशीची बदली तासांची वही समितीपुढे ठेवावी. कोण शिक्षक गैरहजर, त्याचा तास कोणाला दिला, हे रोज सकाळी त्या वहीत लिहून हेडसरांची सही होते. अर्ज दिल्यावर हेडसरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू भिंतीवरचं कॅलेंडर बोललं.

चौकशीच्या चार बैठका झाल्या. प्रत्येक वेळी बाईंना दोन तास व्हरांड्यात बसवून ठेवत आणि वर्ग बुडू नये म्हणून त्या आधी आणि नंतर जादा तास घेत. पुरस्कार मिळालेले शिक्षक म्हणजे पालघरकडचे एक सत्तरीला टेकलेले शांत गृहस्थ होते. संस्थेचे सदस्य प्रत्येक प्रश्नाआधी म्हणत, "एका लहान मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे." आणि प्रत्येक वेळी बाईंना तो रिकामा बाक दिसे. ते खोटं नव्हतं. मुलगी त्यांच्याच फेऱ्यांमधून निसटली होती.

तिसऱ्या बैठकीत वही आली. त्या तारखेच्या पानावर संकेत सरांचं नाव गैरहजरांत होतं. पुढे चार तास होते. 'कोणाकडे' या रकान्यात चारही जागा कोऱ्या होत्या आणि खाली हेडसरांची सही.

त्या वृद्ध गृहस्थांनी चष्मा काढला. "सर, हा वर्ग त्या दिवशी कोणाकडे होता?"

"रोझलीन बाईंकडे," हेडसर म्हणाले.

"मग इथे लिहिलेलं नाही ते?"

"घाईत राहिलं असेल."

"म्हणजे तुम्ही तोंडी सांगितलंत."

हेडसर वहीचं पान उलटू लागले. विनयाताईंनी कार्यवृत्तात 'घाईत राहिलं असेल' हे उत्तर शब्दशः लिहून घ्यायला लावलं.

निकाल दोन महिन्यांनी आला. बडतर्फी नाही, पदावनती नाही. दोघांच्या मताने, बाईंना लेखी ठपका, आणि शाळेने बदली तासांची वही नीट ठेवावी अशी शिफारस. संस्थेच्या सदस्याचं मत वेगळं होतं, ते जोडलेलं होतं. हेडसरांचं काहीच झालं नाही.

"अपिलात जा," शाळेतले दोघे-तिघे आता जवळ येऊन सांगू लागले. "ठपका पण का घ्यायचा?" बाईंनी विनयाताईंना विचारलं. त्या फोनवर म्हणाल्या, "जाता येईल. दीड-दोन वर्षं जातील. तुमचं तुम्ही ठरवा." बाई गेल्या नाहीत. ठपक्याचा कागद त्यांच्या सेवापुस्तकात लागला. सव्वीस वर्षांच्या निर्मळ पानांमागे तो एक. पहिले काही दिवस त्यांना तो अंगावर लिहिल्यासारखा वाटे. मग दहावीच्या परीक्षा आल्या, मग नवीन वर्षाची पटनोंदणी, आणि वाटायला सवड राहिली नाही.

रविवारी चर्चबाहेर लॉरेन्स सर भेटले. "काय बाई, बरं ना?"

"ठपका दिला," बाई म्हणाल्या.

"नोकरी राहिली?"

"राहिली."

सरांनी मान हलवली आणि मार्थाला हाक मारून ते सायकलीकडे वळले. बाईंना वाटलं होतं, आज तरी दोन शब्द जास्त होतील. झाले नाहीत. त्यावर रागवायचा त्यांना हक्क नव्हता.

आता हेडसर दारात उभे राहून 'रोझलीन बाई बघतील' म्हणत नाहीत. चिठ्ठी येते, त्यावर सही असते. काम कमी झालेलं नाही. चिठ्ठ्याच वाढल्या आहेत. जूनमध्ये मंडळाचे अर्ज वाटायचं काम बाईंकडे आलं. दरवर्षी ज्यांना त्या टाळायच्या, त्यांच्यातल्याच आता त्या एक झाल्या. कायम झालेल्या सुरुचीपुढे त्यांनी अर्ज ठेवला. तिने वाचला, घडी केली, म्हणाली, "बघते मॅडम. सध्या जरा गडबड आहे." बाई म्हणाल्या, "बघ." आणि आग्रह केला नाही.

मग एका बुधवारी मधल्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला. नालासोपाऱ्याच्या एका शाळेतल्या शिक्षिका, आल्बिना नाव सांगितलं. त्यांना पत्र मिळालं होतं. विनयाताईंच्या हातात आधीच दोन समित्या होत्या, त्यांनी हा नंबर दिला होता. "तुम्ही मला ओळखत नाही," आल्बिना म्हणाल्या, "पण माझं कोणी..."

"किती दिवस राहिलेत?" बाईंनी विचारलं.

"चार."

बाईंनी वेळापत्रकाकडे बघितलं. शनिवार सोडून सगळे दिवस भरलेले होते आणि शनिवार मंडळाचा होता. गुडघे दुखत होते. दोन्ही वर्गांच्या घटक चाचण्या तपासायच्या पडल्या होत्या. "संमतीपत्र उद्या पाठवते," त्या म्हणाल्या. "पत्राची प्रत मात्र पूर्ण पाठवा. सगळी पानं."

संध्याकाळी केल्विनला सांगितलं तर त्याने भाताचं भांडं स्वतःच धुवायला घेतलं.

त्या शनिवारी बोळिंजला सभेत कोणीतरी नव्या मूल्यमापन पद्धतीवर बोलत होतं. पंखा घरघरत होता, उन्हाचा पट्टा बाकावर आला होता. बाईंनी वहीत पहिला मुद्दा लिहिला, दुसऱ्याचा अर्धा लिहिला आणि मुलांच्या त्या अरुंद बाकावर, भिंतीला डोकं टेकून, त्यांना गाढ झोप लागली. सव्वीस वर्षांत शाळेच्या वर्गात त्या कधी झोपल्या नव्हत्या.

जाग आली तेव्हा वर्ग जवळजवळ रिकामा होता. विनयाताई फळा पुसत होत्या.

"मला उठवायचं नाही का?" बाई ओशाळून पदर सारखा करत म्हणाल्या.

"सोळा जण आले होते, त्यातले चार झोपले," विनयाताई म्हणाल्या. "बोलणाऱ्यालाही दोनदा जांभई आली. तुमच्यासाठी टिपणांची प्रत ठेवलीय बाकावर."

बाईंनी टिपणं पर्समध्ये घातली, खिडक्या लावायला मदत केली, आणि दोघी जिना उतरल्या. खाली फाटकाशी विनयाताईंनी विचारलं, "नालासोपाऱ्याची पहिली बैठक कधी?"

"सोमवारी, साडेतीनला."

"पाण्याची बाटली घेऊन जा. चहासुद्धा विचारत नाहीत तिथे," विनयाताई म्हणाल्या आणि बसथांब्याच्या दिशेने चालू लागल्या.